त्याला हलवू नकोस

"सिन्योरा, हा रागू पुस्तकातला नाही." पार्माहून आलेल्या बाईनं पास्त्यावरचा खिम्याचा रस्सा चाखून, काटा खाली ठेवून जाहीर केलं आणि खानावळीतल्या सगळ्या माना वळल्या.

एर्सिलिया पळी घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पुस्तक माझं, खिमा माझा, हात माझे. मग हा काय तुमच्या सासूचा आहे?"

"रागावू नका हो. घरी तुमचं पुस्तक बघून करते, तो चांगला मुरलेला लागतो. हा नुसताच गरम आहे."

नुसताच गरम! चाळीस वर्षं त्या पातेल्यापुढं उभ्या राहिलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे कमालच.

पाककृतींचं ते पुस्तक सुनेनं, निवेसनं लिहिलं होतं. सासू बोलायची, सून उतरवून घ्यायची. खानावळीतलं साधंच जेवण, मीठ पानोपानी 'चवीपुरतं'. पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं. एर्सिलियानं मात्र त्यातला स्वतःचा फोटो तेवढा पाहिला होता. जे हातात आहे ते वाचायचं कशाला? तशीही ती दोन इयत्तांच्या पुढं गेलीच नव्हती.

"निवेस! वाच गं, काय लिहून ठेवलंयस ते."

निवेसनं वाचलं, "गॅस बंद करावा. मग त्याला दोन तास तसंच पडू द्यावं. अजिबात हलवू नये. कितीही घोरला तरी लक्ष देऊ नये."

"माझा कधी घोरतच नाही," पार्माची बाई हळूच म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काही चुकतंय."

"हे मी कधी सांगितलं?"

"सांगितलंत की, आई. गॅस बंद कर म्हणालात आणि लगेच हे."

एर्सिलियानं कोपऱ्यातल्या बाकाकडं पाहिलं. दुपारची वाइन घेऊन नवरा, ओरेस्ते, रोजच्यासारखा आडवा झाला होता.

"अगं बये, ते मी ह्या कुंभकर्णाबद्दल बोलत होते!"

खानावळ खो खो हसली. निवेसचा चेहरा एवढासा झाला. चार वर्षं तिनं त्या पुस्तकासाठी रक्त आटवलं होतं आणि सासूनं एकदा 'बरं झालंय' म्हटलं नव्हतं. "नवी आवृत्ती परवा छापायला जातेय," ती पुटपुटली. "ते काढून टाकते."

"थांब जरा."

दुसऱ्या दिवशी एर्सिलियानं गॅस बंद केला, पातेल्यावर फडकं टाकलं आणि शेजारी स्टूल मांडून बसली. झाकणाकडं गेलेल्या प्रत्येक हातावर पळी बसली. दोन तासांनी तिनं पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. मग आणखी एक. तिसऱ्यानं पळी पुसून काढली.

"पार्माच्या बाईला फोन लाव. रविवारी जेवायला ये म्हणावं."

"आणि ते वाक्य?"

"राहू दे." मग पातेल्याकडंच बघत, "बरं लिहिलंयस. उद्याचा रागू तूच कर."

निवेसचा आनंद गगनात मावेना. टेबलं मांडायला म्हणून ती सासऱ्याला उठवायला धावली, तशी मागून पळी आपटली.

"त्याला हलवू नकोस!"

"कुणाला, आई?"

"दोघांनाही."