दोघां साडूंच्या साखरमोहिमेची हकीकत

शहाण्यांस दवाखान्याची पायरी चढोनही शहाणपण येत नाही, याचा दाखला पुढीलांस असावा म्हणोन ही हकीकत यथामति लिहिली असे.

थोरले साडू निवृत्त हेडक्लार्क, धाकटे विमा एजंट. उभयतांच्या देही मधुमेह नामे गनीम ठाणे देऊन बसला. थोरल्यांच्या दिमतीस मेटफॉर्मिन सरदार. हा संथ आणि इमानी. यकृताच्या कोठारातून सुटणारी साखरेची रसद रोखावी, आरंभी पोटात थोडी बंडाळी करावी, परंतु एकटा असता धन्यास सहसा पाडू नये, ऐसी त्याची चाल. धाकट्यांकडे ग्लिमेपिराइड, मोठा मारू. स्वादुपिंडास चाबूक ओढोन इन्सुलिनची फौज बाहेर काढी, मग धनी जेवला की उपाशी, हे पुसणे त्याचे गावी नाही. तिसरी एक गोळी साखर मूत्रमार्गे हद्दपार करी. ती थोरल्यांनी वारंवार उठावे लागेल म्हणोन पूर्वीच नामंजूर केली होती.

एके दुपारी थोरल्यांच्या जेवणाच्या टेबलावर उभयतांनी बोटे टोचोन यंत्रे मांडिली. धाकट्यांचा आकडा खाली आला आणि ते वदले, "भाऊ, तुमची गोळी म्हणजे नुसतं पाणी हो!"

हा घाव वर्मी लागला. मग थोरल्यांनी साडूच्या पाकिटातील गोळी गुपचूप गिळिली आणि भूक नसल्याची बतावणी करोन ताट परत धाडिले. पाकिटावर 'जेवणाआधी' ऐसे लिहिले होते; 'मग जेवा' ऐसा हुकूम कोठे आहे, हा हेडक्लार्की कावा! अक्कल निवृत्तीच्या दिवशीच कचेरीत ठेविली असावी. पुढे घाम सुटला, हातपाय कापू लागले, ते वीरश्रीचे लक्षण मानोन स्वारीने पुन्हा बोट टोचिले. आकडा पन्नासाखाली.

"जिंकलो!" ऐसे पुटपुटोन स्वारी खुर्चीत कलली.

थोरल्यांच्या बाईसाहेब साखरपाण्याचा पेला घेऊन धावल्या, तो स्वारीने दात आवळोन फर्माविले की गनीम घरात घेणार नाही.

"आकडा घेऊन वर जायचंय का? तोंड उघडा आधी!"

तोंड उघडले. गनिमानेच प्राण राखिले. मग दवाखान्यात नेले. त्या गोळीचा अंमल रेंगाळतो आणि आकडा पुन्हा घसरतो, सबब डॉक्टरांनी रात्रभर नजरकैदेत ठेविले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ती बाईसाहेबांचे नावे नमूद असे. यजमानांचा कंप थांबला तरी बाईसाहेबांचा हात कापतच होता. दोघां वीरांपैकी एकासही तो दिसला नाही. एक खाटेवर, दुसरा खाटेशी, ऐसे बसोन ते आकडे ताडीत होते.