कादंबरीचं कव्हर

चाळीसगावच्या एका वाचनालयातलं जुन्या पुस्तकांचं कुलूपबंद लोखंडी कपाट काढून तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी खुर्च्या टाकायच्या की नाही, हे रविवारच्या बैठकीत ठरायचं होतं. कापडाचे व्यापारी प्रेमचंदशेठ कपाट काढायच्या बाजूचे. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांची दुःखं आज कोण वाचणार, असं त्यांचं म्हणणं. मराठीचे निवृत्त प्राध्यापक अभिमन सर कपाट वाचवायच्या बाजूचे. बाकीचे सभासद ज्याचं भाषण शेवटी होईल त्याच्या बाजूचे. ग्रंथपाल नूतनताईंना कपाट हवं होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

बैठकीच्या आधीच्या सोमवारी दोघंही वाचनालयात आले. सरांनी भाषणासाठी कपाटातली एक गाजलेली जुनी कादंबरी मागितली. शेठजींनी 'दुकान कसे वाढवावे' हे पुस्तक नेलं. कादंबरी वाळवीने खाल्लेली आणि दुकानाचं पुस्तक हाताळून खिळखिळं झालेलं, म्हणून दोन्ही पुस्तकं बाइंडर पितांबरकडे गेली होती आणि त्याच सकाळी नव्या पुठ्ठ्यात बांधून आली होती.

रविवारी सर आधी उठले. पुस्तक उंच धरून ते म्हणाले, ही कादंबरी आपण तीस वर्षं शिकवली आणि हिचा शब्दन् शब्द आजही जिवंत आहे. मग पुस्तक न उघडताच त्यांनी टेबलावर ठेवलं.

मग शेठजी उठले. त्यांनीही आपलं पुस्तक टेबलावर ठेवलं. आजच्या काळाला अशी पुस्तकं पाहिजेत, असं सांगून त्यांनी त्यातला मजकूर सांगितला. लेखक एकदम दुकानावर येत नाही. आधी एका पेढीवरच्या दोन भावांची गोष्ट सांगतो. बहिणीच्या लग्नात एक शब्द लागला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. शेजारी शेजारी बसायचे, पण निरोप मुनीमाच्या तोंडून. भाषा जरा जड आहे, पण सल्ला पक्का आहे.

"व्यवसाय वाढवायचा तर आधी घरातला अबोला मोडा, असं लेखक म्हणतो," शेठजी म्हणाले. "गुरुवारी मी धुळ्याला जाऊन आलो. कुंदनकडे. नऊ वर्षांनी."

त्यांचा धाकटा भाऊ कुंदन आणि दोघांमधला अबोला सगळ्यांना माहीत होता.

शेवटी शेठजींनीच सरांना विनंती केली, की न्यायाने तुमच्याही पुस्तकातला एखादा उतारा होऊ द्या. सरांनी चष्मा चढवला, मधलंच पान उघडलं आणि गंभीर आवाजात वाचलं, "गिऱ्हाईक दुकानात आले की प्रथम पंखा लावावा."

शंभर वर्षांपूर्वी पंखे होते का, असं मागून कोणीतरी विचारलं.

नूतनताईंनी दोन्ही पुस्तकं उघडून पाहिली, तर पुठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. त्यांनी खालच्या गाळ्यातून पितांबरला बोलावलं. कादंबरीची सुरुवातीची पानं गळाली होती, एवढं त्याला आठवलं. "ताई, मी पुस्तक वाचस नही, जाडी देखस," तो शांतपणे म्हणाला. "दोन्ही एकच जाडीना व्हतात."

शेठजींनी आपलं पुस्तक पुन्हा हातात घेतलं. लेखक कुठे राहतो, असं त्यांनी विचारलं. तो जाऊन ऐंशी वर्षं झाल्याचं नूतनताईंनी सांगितलं.

"मग त्याला कुंदनचं कसं कळलं?"

याचं उत्तर सरांनी द्यायला हवं होतं, पण ते पंख्याच्या पानावर बोट ठेवून बसले होते.

मतदान झालं. शेठजींनी मत बदललं नाही. कपाट काढाच, ते म्हणाले, कुलपात कोणाला काय दिसणार, ही पुस्तकं दारासमोरच्या टेबलावर मांडा. ठराव एकमताने मंजूर झाला. नूतनताईंनी त्याच संध्याकाळी कुलूप काढलं.

आठवड्याने अभिमन सर सकाळीच आले. वाचनालयात दुसरं कोणी नाही असं पाहून त्यांनी हळू आवाजात कबूल केलं, की तीस वर्षं शिकवलं ते गाईडवरून. कादंबरी पूर्ण वाचायची राहूनच गेली. आता मिळेल का?

नूतनताईंनी वही पाहिली. कादंबरी सध्या शेठजींच्या पत्नी सुगनबाईंकडे होती. त्यानंतर धुळ्याला कुंदनभाऊंकडे जायची होती, मग आणखी तिघांकडे.

"सर, तुमचा सहावा नंबर लावू?"

सर खुर्चीवर बसत म्हणाले, "लावा. पण नावापुढे प्राध्यापक लिहू नका."