आंबोलीत खाडी खंय इली?

मित्रांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं साधं ओमकारने ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

ओमकार मालवणचा. दोन वर्षं जर्मनीत शिकतो. विषय समुद्र. म्हणजे समुद्र कसा वाचवावा हे तो समुद्रापासून शक्य तितक्या लांब, हीटर लावलेल्या खोलीत बसून शिकतो. सुट्टीला घरी आला आणि आल्याआल्या त्याने घरातल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बाहेर काढल्या. (आई सावित्रीने त्या संध्याकाळी परत आत घेतल्या.) आता परत जायला थोडेच दिवस उरले होते आणि मुख्य काम तसंच राहिलं होतं. तन्वीला विचारायचं.

तन्वी आंबोलीची, कॉलेजातली मैत्रीण. समर्थही तिथलाच, तिसरा दोस्त. तो पावसाळ्यात पर्यटकांना रात्री टॉर्च मारून बेडूक दाखवतो आणि त्यावर पोट भरतो. त्याचाच फोन आला.

"ओम्या, शनवारी ये रे. तन्वीकडे जेवाण आसा. दाजींसमोर कायतरी महत्त्वाचा बोलूचा आसा, थंय तू होयोच."

दाजी म्हणजे तन्वीचे वडील. ओमकार फोन घेऊन पडवीत गेला.

"दाजी काय म्हणतत?"

"हट्टाक पेटलेत. जावई होयो तर परदेशात शिकलेलो." समर्थने सुस्कारा सोडला.

समर्थने सुस्कारा का सोडला, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. ओमकारला पडला नाही. परदेशात शिकलेला, तन्वीच्या ओळखीतला आणि लग्नाचा असा मुलगा जिल्ह्यात कोण, याचा त्याने विचार केला आणि उत्तर आरशात पाहिलं.

"खंय चललंस?" आईने विचारलं.

"समर्थाकडे." (खोटं नव्हतं. अर्धं होतं.)

समर्थ कुठल्याही महिन्यात काहीही खातो हे आईला ठाऊक होतं. तिने खाडीतल्या जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मागवल्या. निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीने नांग्या आवळलेल्या, चांगल्या तळहाताएवढ्या.

प्लॅस्टिकची दोरी! आंबोलीच्या जंगलात! ओमकारने एकेका कुर्लीची माफी मागत त्या दोऱ्या कापल्या आणि नांग्या केळीच्या सोपटांनी, म्हणजे खोडाच्या सालींनी, बांधल्या. पर्यावरणपूरक. मग सगळ्या जणी युनिव्हर्सिटीच्या कापडी पिशवीत घातल्या. पिशवीवर 'समुद्रातले जीव मोकळे राहू द्या' असं जर्मनमध्ये लिहिलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याला कुणी सांगितली नाही, कारण ती कुणाला सांगावी लागत नाही. श्रावण लागला होता. ओमकारच्या घरी सोमवार सोडला तर श्रावणाची कुणी फारशी दखल घेत नाही आणि जर्मनीत जुलैनंतर थेट ऑगस्ट येतो.

सावंतवाडीला एसटी बदलून तो घाट चढला. आंबोलीचा पाऊस नुसता वरून पडत नाही. चारी बाजूंनी येऊन चौकशी करतो. तन्वीच्या घरापर्यंत ओमकार भिजला, पिशवी भिजली, सोपटं भिजून सैल झाली.

दारात तन्वीची आई, शेवंतीकाकी, उभी होती.

"ये रे बाबा! बरा झाला इलंस. आज श्रावणातलो पयलो शनवार. नैवेद्य झालो की पाना वाढतंय. कांदो-लसूण कायएक नाय हां, चलात मां?"

ओमकारचा पिशवीचा हात आपोआप पाठीमागे गेला.

"हातात काय ता?"

"कपडे. ओले आसत."

"हलतत ते."

"वाऱ्यान."

काकी आत वळताच त्याने पिशवी पडवीतल्या बाकाखाली, छत्र्यांच्या मागे सारली. आत समर्थ पाट मांडत होता, तन्वी पानं पुसत होती आणि दोघं कशावर तरी हसत होती. बिचारा समर्थ, ओमकारला वाटलं, किती मदत करतो!

दाजींनी त्याला समोर बसवलं. ओमकार लगेच शुद्ध मराठीत शिरला, तहसीलदारासमोर बसल्यासारखा.

"थंय काय शिकतंस?"

"समुद्र कसा वाचवावा, हे शिकतो."

"समुद्राक काय झाला?"

"तापमान वाढतंय. माणूस निसर्गाच्या सीमा ओलांडतो आहे."

त्याच क्षणी निसर्गाने उंबरठा ओलांडला. एक कुर्ली आडवी चालत, अगदी सावकाश, बैठकीतून देवघराकडे निघाली. मागून दुसरी. दुसरीच्या नांगीला सोपटाचा तुकडा लोंबत होता.

"गो बाय माझे!" शेवंतीकाकी पाटावर चढली. "देवाच्या खोलयेत कुर्ल्यो!"

"घाबरू नका," ओमकार म्हणाला. "पावसात शेतातून येतात. नैसर्गिक आहे."

दाजींनी चष्मा सारखा केला. "ही खाडयेतली कुर्ली. आंबोलीत खाडी खंय इली?"

"हवामानबदल," ओमकार म्हणाला. (हे तो अजूनही कुणाला सांगत नाही.)

"तिका सोपाट कोणी बांधल्यान? हवामानान?"

आता बोलण्यात अर्थ नव्हता. काहीतरी करून दाखवणं भाग होतं. ओमकारने कुर्लीवर झडप घातली. पुढून. कुर्लीने त्याचं बोट धरलं. ओमकार ओरडला, नाचला आणि नाचता नाचता नैवेद्याच्या खिरीत पाय घालून बाहेर आला. तिसरी कुर्ली तोवर समईखाली जाऊन बसली होती.

"हलव नको रे हात!" समर्थ म्हणाला. त्याने ओमकारचा हात पाण्याच्या बादलीत बुडवला. कुर्लीने बोट सोडलं. मग एकेकीला मागून, पाठीवर बोटं ठेवून त्याने अलगद उचललं आणि बादलीत टाकलं. समईसुद्धा हलली नाही. काकीला हात देऊन पाटावरून खाली उतरवलंही त्यानेच. दाजी हे सगळं बघत होते. आधी बादलीकडे, मग समर्थकडे. मग खीर निथळणाऱ्या ओमकारकडे बराच वेळ.

"आता देवाक गाऱ्हाणा घालूक होया," काकी म्हणाली. "तशी पाना वाढूची नाय मी."

दाजींनी नारळ ठेवला. बाकीचे सगळे, गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला होकार द्यायला, हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज नैवेद्याच्या येळाक ह्या घरात कुर्ल्यो फिरल्यो."

"व्हय म्हाराजा!"

"जेणा हाडल्यान, ता लेकरू परदेशात शिकता, पण तेका म्हयनो कळना नाय."

"व्हय म्हाराजा!" (तन्वीचा आवाज यात गरजेपेक्षा मोठा होता.)

"तेचा अज्ञान पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" ओमकारही म्हणाला. गाऱ्हाण्याला म्हणावंच लागतं. लहानपणापासूनची सवय, वाक्य संपलं की तोंड उघडतं.

"आजपर्यंत मीया हट्ट धरलंय, जावई होयो तर परदेशातलो. तो परदेश आज माझ्या डोळ्यांदेखत खिरीत पडलो."

"व्हय म्हाराजा!"

"आमचो समर्थ बेडूक दाखवता. दाखवांदे. माणूस शांत आसा. तन्वीच्या मनात कधीपासून तोच आसा. दोघांचा लगीन निर्विघ्न पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज ओमकारचा होता. तोंड पुढे निघून गेलं होतं. डोकं मागून आलं आणि तेव्हा त्याला कळलं आपण कशाला होकार दिला ते.

तन्वी त्याच्या बोटाला हळद लावायला बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"ओम्या, दाजींका समजावक आमी तुका बोलवलेला. परदेशातल्याचा ते आयकतले म्हणान. माका सारखी भीती, तू भाषण करतलंस आणि होता ता पण मोडतलंस. तू बोलूच्या आधीच काम केलंस रे!"

"तुका पण कायतरी बोलूचा होता काय?" समर्थने विचारलं.

"नाही," ओमकार म्हणाला. "विशेष काही नाही."

पण दाजींना त्याचा चेहरा बघून काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या ओमकाराक पण खंयतरी लग्नाक एक चेडू गावांदे. जर्मनीतला असला तरी चलात, पण पंचांग वाचणारा बघ!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला फक्त ओमकार गप्प होता, आणि तरी आवाज आधीपेक्षा मोठा झाला.