रेवतीसमोर ‘पक्का’ म्हणू नये

माझी मामेबहीण रेवती ऑटोतून उतरते ती बहुतेक वेळा मुक्कामाच्या अलीकडेच. ती उतरत नाही, उतरवली जाते. मध्ये एकदा हैदराबादेत हिमायतनगरच्या तिच्या खोलीवरून कोठी भागातल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानाकडे निघाली होती. ऑटोवाला सहज बोलून गेला, “दस मिनट में छोड़ देता मॅडम, पक्का.”

“कित्ता पक्का?” रेवतीनं विचारलं. “आगे जाम रहा तो? मालूम नै तो पक्का कायकू बोलते?”

“लाइट लो मॅडम,” तो म्हणाला. रेवतीला आयुष्यात काहीही लाइट घेता आलेलं नाही. त्यानं काचीगुड्याला गाडी कडेला घेतली. उरलेला रस्ता ती उन्हातून चालत आली आणि उरलेला राग माझ्यावर काढला. तेवढ्यात काउंटरवर एक विद्यार्थी ‘पक्का पास’ करणारं गाइड मागत होता. तो गाइड न घेताच गेला.

रेवती कॉम्प्युटरमधली डॉक्टर आहे. तिच्या विषयाला प्रोबॅबिलिस्टिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. मी इंजिनिअरिंगची पुस्तकं विकतो, वाचत नाही, त्यामुळे मला कळलं तेवढं सांगतो. नेहमीचा प्रोग्रॅम एक उत्तर देऊन मोकळा होतो. रेवतीचा म्हणतो, बहुधा हे असावं, पण ते दुसरंही असू शकेल, आणि माझा भरवसा अमुक इतकाच आहे. मी एकदा म्हटलं, “म्हणजे आपल्या हैदराबादी ‘परसों’सारखं. परवापासून निजामाच्या काळापर्यंत कुठलाही दिवस.” मला वाटलं चिडेल. ती गंभीरपणे म्हणाली, “हो, पण कुठला दिवस जास्त शक्य आहे, हे तुझा परसों सांगत नाही ना.”

मामा-मामी आता नांदेडला असतात. त्यांनी एक स्थळ आणलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो ना? रेवती म्हणाली, “रविवारी शक्यता बरी आहे. सोमवारी तुमच्या मुलाला येत असेल तर बरं.” मुलगा हसला होता म्हणे. आई हसली नाही, आणि स्थळ गेलं. “हसला तो बरा होता,” रेवती नंतर म्हणाली, आणि त्यावरूनही चिडली.

गावाबाहेरच्या एका संशोधन संस्थेत तिला करारावर नोकरी लागली होती. तापाचा पेशंट पाहून त्याला भरती करावं लागेल का, याचा अंदाज देणारा प्रोग्रॅम तिनं तिथं बनवला. तिच्या पडद्यावर यायचं: ‘बहुधा गरज नाही, पण माहिती अपुरी आहे. रक्त पुन्हा तपासा.’ एकदा बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. साहेबांनी तिला बोलावलं.

“एम्मा,” ते तेलुगू वळणाच्या आपुलकीनं म्हणाले, “पाहुण्यांसमोर हे बहुधा-बिहुधा बरं दिसत नाही. हो किंवा नाही, एवढंच ठेव.”

“सर, ते खोटं होईल.”

“सिंपल होईल,” साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाकडून तो भाग काढून घेतला.

कार्यक्रमात पडद्यावर हिरवंगार ‘नाही’ उमटलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून रेवती उभी राहिली. “हा माणूस घरी गेला आणि बिघडला, तर हे ‘नाही’ कुणी म्हटलं म्हणून सांगायचं? मी म्हटलेलं नाही.” टाळ्या थांबल्या. पुढे करार संपला तेव्हा बजेट नसल्याचं तिला कळवण्यात आलं. प्रोग्रॅम मात्र संस्थेनं ठेवून घेतला, हिरव्या अक्षरांसकट.

मला तिच्याइतका राग क्वचित येतो, पण त्या दिवशी आला. भांड, तक्रार कर, मी येतो सोबत, असं मी म्हणत होतो आणि ती काउंटरवरची पुस्तकं सरळ करत होती. तिचं न भांडणं मला नवीन होतं.

पुढच्या रविवारी सकाळीच ती गौलीगुड्याला आमच्या घरी आली. आई पलंगावर बसून अंबाडी निवडत होती. गेल्या वर्षापासून आईच्या लक्षात फारसं राहत नाही. भाचीला बघून तिनं विचारलं, “तू काय शिकलीस गं, रेवती?”

आता भडका उडणार, म्हणून मी पुढे झालो. रेवतीनं खाली बसून अंबाडीची जुडी ओढून घेतली.

“आत्या, समज, वरण खाली लागलं. कशानं लागलं असेल?”

“पाणी कमी पडलं असेल.”

“बरं. आता बघ, गॅस मोठा आहे. आता काय वाटतं?”

आईनं विचार केला. “मग गॅसनंच लागलं. पाणी कमी असलं तरी इतक्यात लागत नाही.”

“बघ, नवीन दिसलं तसा तू अंदाज बदललास. मी मशीनला तेवढंच शिकवते.”

आई खूश झाली. दोन देठ खुडून होतात न होतात, तोच तिनं विचारलं, “तू काय शिकलीस गं?” या वेळी दूध नासलं होतं. त्यानंतर गच्चीवरचे पापड नाहीसे झाले, आणि माकडानं नेले की शेजारणीनं, यावर दोघींचा बराच खल झाला. दर वेळी गोष्ट नवी, आणि आवाज तसाच निवांत.

मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. “अगं, नुसतं ‘कॉम्प्युटर’ म्हणून सोडून दे ना. तिच्या कुठे लक्षात राहतंय?”

ती माझ्यावर उखडली, पण आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “दादा, त्या संस्थेत इतकी वर्षं काढली. एकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. आत्या ऐकते. मधे प्रश्न विचारते.”

मग तिनं आईचा चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि बाहेर गेली.

“अगंबाई, रेवती,” आई म्हणाली. “कधी आलीस?”

“आत्ताच, आत्या,” रेवती म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली.