हत्तीचा पाचवा पाय

स्कॅनरची काच वहीएवढी आणि स्कॅन मागायचा चादरीएवढा, ही अक्कल जुन्या पोस्टरांच्या प्रदर्शनवाल्या साहेबांनो, तुमचीच! म्हणे, 'अस्सल कागद आधी आणू नये. एकसंध, स्वच्छ स्कॅन पाठवावा. पसंत पडला तर कागद आणावा.' फोटो चालणार नाही. का? तर नियम!

नानांकडे सर्कशीचं एकच जुनं पोस्टर होतं. त्यावरचा हत्ती त्यांच्या वडिलांनी रंगवलेला, कोपऱ्यात त्यांची सही. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवणाऱ्या त्या माणसाचं नाव एकदा तरी मानाच्या भिंतीवर लागावं, एवढीच नानांची हौस.

मोठ्या मशीनच्या दुकानात रूळ कागद आत ओढून घेतो. दुकानदार म्हणाला, "घालतो, पण फाटलं तर बोलायचं नाही." नाना पोस्टर छातीशी धरून घरी आले.

मग घरच्या स्कॅनरवर तुकड्यातुकड्यानं काम सुरू झालं. पोस्टर काचेवर पालथं, त्यामुळे हत्ती कुणालाच दिसेना. नानांनी टोक धरलं, बायकोनं झाकण दाबलं, लेक कॉम्प्युटरवर तुकडे जोडू लागली.

"हलू नकोस गं!"

"अहो, पाय माझा आखडलाय, हत्तीचा नाही!"

ती हलली, पोस्टर सरकलं आणि आधी घेतलेलाच तुकडा पुन्हा घेतला गेला.

"नाना, हत्तीला पाय किती?" लेकीनं विचारलं.

"असतील तेवढे जोड! मुदत संपतेय!"

तिनं होते तेवढे जोडले. स्कॅन गेला.

आठवड्यानं साहेबांचा फोन. "अभिनंदन! पाच पायांचा हत्ती! काय ती कल्पनाशक्ती! अस्सल कागद घेऊन या."

नाना पोस्टर गुंडाळून घेऊन गेले. साहेबांनी पोस्टर उलगडलं, भिंग काढलं, पाय मोजले. पुन्हा मोजले.

"हे बनावट आहे. एक पाय कमी आहे."

"साहेब, हत्तीला चारच असतात हो!"

"हत्तीला असतील. आमच्या स्कॅनमध्ये पाच आहेत."

पोस्टर घरी परत आलं. प्रदर्शनाच्या दारात तो स्कॅनच मोठा छापून लावलाय, पाच पायांचा, खाली वडिलांची ठळक सही. येणारेजाणारे म्हणतात, "रंगारी घेऊन बसला असणार!" आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस तो!

साहेब, नियम तुमचा, पसंती तुमची, भिंगही तुमचंच. आता सांगा, हत्तीला पाय किती? आणि लेखी सांगा.