घरून एक कुरकुर आणा

डिसेंबरमधला पहिला शनिवार, मधली सुट्टी. हजर: आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे बडी मॅडम, गणित शिकवणारी मी, कानडे, आणि विज्ञानाच्या दिघे बाई. विषय: आंतरशालेय विज्ञान मेळावा. दिघे बाई हजर होत्या, पण टेबलाखाली. त्यांचा खडू पडला होता आणि तो नेमका त्याच कोपऱ्यात का घरंगळला, याचा तपास चालला होता.

"कानडे, अपनी स्टाफरूमच तिरपी आहे!" त्या खालून ओरडल्या.

"बाई, ज्वालामुखी कोण करणार ते सांगा," बडी मॅडम म्हणाल्या. "चीफ गेस्टना धूर लागतो."

टेबलाखालून प्रश्न आला, "इंदुरात ज्वालामुखी कुणाच्या घरी आहे?"

बाकीचे शिक्षक गाइडमधून विषय वाटत. त्या सालात गावात केबल आली होती, गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि निम्म्या वर्गांनी 'संगणक: आपला मित्र' हा तक्ता रंगवायला घेतला होता. संगणक कुणीच पाहिला नव्हता. दिघे बाई मात्र फळ्यावर एकच ओळ लिहायच्या: घरून एक कुरकुर आणा. घरात कोण कशावर कुरकुरतं ते कागदावर लिहायचं, त्यातून प्रयोग निघणार.

आणि निघायचे. एकीची आजी म्हणे, रात्रीच्या सराफा बाजारातले गराडू, ते तळलेले कंद, घरी येईपर्यंत मऊ पडतात. झालं! तळलेल्या गराडूचे काप कागदी पुडीत, डब्यात आणि उघड्या ताटलीत ठेवून तपासणी सुरू झाली. तपासणी म्हणजे बाईंनी खाणं. एकीचे काका कुरकुरत की चढावर सायकलचा दिवा मंदावतो. बाई स्वतः त्या सायकलवर बसल्या आणि मैदानाच्या कुंपणात शिरल्या. उठून साडी झटकत म्हणाल्या, "फसलं? बढिया! आता खरं विज्ञान सुरू."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दूध उतू गेलं, पेपर अवघड निघाला, माझी छत्री हरवली, कशालाही "फसलं? बढिया!" छत्री त्यांनीच हरवली होती.

त्यांच्या मागून मी. पुठ्ठे, डिंक, सुतळी, टाचण्या, कुणाचं काय अर्धवट आहे, याची यादी माझ्याकडे. त्या विषय शोधत, मी सुतळी.

त्या वर्षी आठवीतल्या सुनंदा वानखेडेनं कोरा कागद आणून दिला.

"कुरकुर कुठाय?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घरी कुणी करत नाही, बाई."

"असं घर असतं होय? बाबा?"

"मिल बंद झाल्यापासून बाबा काहीच बोलत नाहीत. आई जेवायला वाढते, ते जेवतात. आधी भाजी, पाणी, माझे केस, सगळ्यावर बोलायचे."

बाईंनी कागद परत दिला नाही.  मग त्यांनी विचारलं, "मिलमध्ये कुठल्या खात्यात होते?"

"रंगाईत."

रविवारी आम्ही परदेशीपुऱ्यात सुनंदाच्या घरी. प्रयोग ठरला होता: सुती कापडावर रंग सारखा कसा चढतो. बादली, रंगाच्या पुड्या आणि पांढरी कापडं माझ्या यादीतली. वानखेडे खाटेवर बसून दाराबाहेर पाहत होते. नमस्कार केला, पुन्हा बाहेर पाहू लागले. सुनंदाची आई चहाचं आधण ठेवत होती.

दिघे बाईंनी पदर खोचला आणि कोरडं कापड सरळ रंगात बुडवलं. मी त्यांना कोपर मारलं. कापड आधी साध्या पाण्यात भिजवायचं असतं, हे आदल्या दिवशी वर्गात त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी मलाच उलटं कोपर मारलं आणि काठीनं जोरात ढवळायला लागल्या.

वानखेड्यांनी एकदा पाहिलं. मान फिरवली. पुन्हा पाहिलं.

"मॅडम, कोरडंच टाकलं?"

"मग? रंगात गेल्यावर भिजणारच ना?"

"अहो, धब्बे पडतील!"

"पडतात का?" बाईंचा चेहरा इतका भोळा होता की मला हसू आवरेना.

"पडतात का म्हणजे? सरका, सरका तिकडे! सुनंदा, साधं पाणी आण. आणि ही ढवळायची पद्धत? पोहे परतताय का? बादली कुणी आणली ही? एवढीशी!"

बादली माझी होती.  मग ते काठीवर कुरकुरले, रंगावर, पाण्यावर, सुनंदाच्या वेणीवर. शेवटी चहाचा घोट घेऊन म्हणाले, "साखर संपली का घरातली?"

सुनंदाची आई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

परतताना दिघे बाई रस्त्यानं अक्षरशः नाचत होत्या. "काय कुरकुरला माणूस! वा!"

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"चला कानडे, टेम्पो सुटेल."

मेळाव्यात पहिलं बक्षीस दुसऱ्या शाळेच्या ज्वालामुखीला मिळालं. चीफ गेस्ट धुरात खोकत खूश होते. सुनंदाच्या टेबलावर धब्ब्यांचं आणि एकसारखं रंगलेलं अशी दोन कापडं टांगली होती. शेजारी वानखेडे इस्त्रीच्या शर्टात उभे होते. "दूर से देखो भिया, हात नको! साहेब, तुम्ही पण. आधी बोटं पुसा." साहेबांनी पुसली. बक्षीस नाही म्हटल्यावर सुनंदाच आधी म्हणाली, "फसलं? बढिया!"

सगळे गेल्यावर आम्ही दोघी सामान आवरत होतो. मी सहज विचारलं, "सगळ्यांच्या घरची कुरकुर झाली. तुमच्या घरची काय?"

त्या सुतळी गुंडाळत होत्या. "एकटीच्या घरात कोण कुरकुरणार? परवा भाजीत मीठच विसरले. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी तीच खाल्ली." मग टेबलाखाली वाकून म्हणाल्या, "सुतळी कुठे गेली हो?"

सुतळी त्यांच्या हातातच होती.

सोमवारच्या यादीत मी दोन कामं लिहिली. एक, दिघे बाईंकडे जेवायला जाणे. दोन, भाजीला नावं ठेवणे.

पहिलं झालं. त्यांनी मेथी वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी घास घेतला आणि सवयीनं म्हणाले, "छान झालीय." त्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या कामावर अजून खूण व्हायची आहे.