‘शीप’ शब्दाचा अंतिम निर्णय

मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. त्यामुळे मान न वळवता तिला दोन्ही बाजूंचे दूरवर दिसते. फक्त नाकासमोरचे नीट दिसत नाही. समितीवर माणसे नेमताना हाच गुण पाहतात.

आमची जिल्हा लसीकरण समिती विश्रामबागेत बसते. जत तालुक्यातल्या मेंढ्यांना देवीची लस द्यायची होती आणि वरून आलेल्या अर्जात जनावराचे नाव ‘शीप’ होते. जतच्या मेंढपाळ दगडाबाईंनी आपल्याकडे चौसष्ट मेंढरं असल्याचे लिहून दिले. शीप एकही नव्हते. अध्यक्ष जयराजसाहेबांनी अर्ज थांबवला, ते योग्यच झाले. शब्दाचा अर्थ आणि उगम ठरल्याशिवाय सुई टोचणे अशास्त्रीय असते. (मी प्राणिशास्त्र शिकवते म्हणून मला सचिव केले. मेंढीला हात लावलेली सभासद मी एकटीच.)

पहिल्या तीन बैठका उगमावर गेल्या. जुन्या इंग्रजीपर्यंत पोहोचलो. त्याच्या फार मागचे मूळ तिकडच्या पंडितांनाही सापडलेले नाही, हे कळल्यावर सर्वांना बरे वाटले. चौथ्या बैठकीत निघाले, की इंग्रज राखणाऱ्यांच्या तोंडी ते जनावर शीप राहिले आणि ताटात पडताच त्याला जेवणाऱ्या फ्रेंच सरदारांचा शब्द लागला, मटण. हा मुद्दा समितीने दुपारी जेवताना पुन्हा तपासला. पाचव्या बैठकीत लाक्षणिक अर्थ आला: निमूटपणे पुढच्याच्या मागे जाणारी व्यक्ती. एकमताने मंजूर. (विरोधाला पहिला कोणी उठेना.)

दगडाबाई दर बैठकीला दाराशी येऊन बसत. दिवाळीनंतर त्यांचा कळप कृष्णाकाठी उतरतो. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतात. रानाला खत होते, कळपाला चारा. यंदा लसीच्या दाखल्यावाचून कोणी बांधावर येऊ देईना. मग कळपातच देवी शिरली. सहाव्या बैठकीपर्यंत चौसष्टांची एकोणीस झाली. इतिवृत्तात मी ‘नमुन्यात घट’ अशी नोंद केली.

सातव्या बैठकीला त्या उठून आत आल्या.

“आवं सायेब, चौदा हायती अजून. तुमचा सबूद गावंस्तवर दम काढा म्हनून सांगू का त्यास्नी?”

जयराजसाहेबांनी चष्मा पुसला आणि मान हलवली. ते बघून उपाध्यक्षांनी हलवली, मग ओळीने सर्वांनी. मीही. वाचकहो, तुम्हाला तर अर्थ पहिल्या बैठकीपासून ठाऊक होता. तरी सातवीपर्यंत आमच्या मागोमाग आलातच.

साहेब उभे राहिले.

“ठरलं,” ते म्हणाले. “शीप म्हणजे मेंढी.”